पुढारीपणाचा दाखला

सन १९३२च्या उन्हाळ्यात शेलूबाजारच्या जगदेव नानाजी यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाकडे कपाशीवरच्या किडीचा पुढील अभ्यास करण्यासाठी रीतसर अर्ज केला. पदवी पहिल्या वर्गातली होती, इंग्रजी बिनचूक होतं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. गुण उत्तम, परंतु आम्ही नुसते हुशार विद्यार्थी घेत नाही. अर्जदार आपल्या गावात पुढारी असल्याचा सरकारी दाखला जोडावा.

जगदेवाने आयुष्यात कुणाला "जरा सरका" असंही म्हटलं नव्हतं. तरी तो तालुक्याच्या कचेरीत गेला. कारकुनाकडे वयापासून देवी टोचल्यापर्यंत सगळ्या दाखल्यांचे नमुने होते, पुढारीपणाचा नव्हता.

"पुढाऱ्यायची यादी फकत फौजदारसाहेबापाशी हाये," तो म्हणाला.

फौजदार जमशेदखान हे सज्जन गृहस्थ. त्यांनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली.

"तुयं नाव नाही, बेटा. कधी भाषण केलं काय?"

"नाही जी."

"मंग मी खोटा दाखला कायले देऊ? बाजारात भाषण कर. मी सोता लिहून घेतो."

बाजाराच्या दिवशी जगदेव एका बैलगाडीवर चढला. त्याला एकच विषय येत होता. तोच त्याने सुरू केला.

"भाऊहो! आपल्या घामाचं पीक जे खाऊन राह्यले, ते बाहेरून आले हायेत! आतून पोखरतात! एकजूट करा, एकाच दिवशी मुळासकट उपटा, जाळून टाका!"

'बोंडअळी' हा शब्द पुढच्याच वाक्यात येणार होता. ते वाक्य कुणाला ऐकू आलं नाही. 'वंदे मातरम्'च्या गर्जनेत लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि भर बाजारातून तीनदा फिरवलं. फौजदारांनी शब्द पाळला. 'तीनशे माणसांचा पुढारी. अत्यंत धोकादायक.' खाली शिक्का.

विद्यापीठ बेहद्द खूश झालं. प्रवेश मिळाला. आई तुळसाबाईने सातासमुद्रापार टिकतील असे लाडू वळायला घेतले. राहिला फक्त पासपोर्ट. त्या कचेरीने कळवलं: धोकादायक पुढाऱ्यास देशाबाहेर सोडता येत नाही. सबब, आपलं कुणीही ऐकत नाही, असं गावकऱ्यांकडून लिहून आणावं.

जगदेवाने गावात निरोप धाडला. तासाभरात पाचशे माणसं हजर.

"आधी वाचून तर दाखवतो," तो काकुळतीला आला.

"वाचाची काय गरज? तुमी सांगून राह्यले ना!" म्हणत शेजारच्या चतुराबाईने पहिला अंगठा उमटवला. दुपारपर्यंत शाई संपली.

कागद फौजदारांकडे गेला. त्यांनी प्रामाणिक शेरा मारला: 'सदर इसमाचं कुणीही ऐकत नाही, असं त्याच्या एका शब्दावर पाचशे जणांनी लिहून दिलं आहे.'

पासपोर्ट नामंजूर झाला. त्या साली अळीने गावाचा सगळा कापूस खाल्ला, आणि गावाने जगदेवाचा जाहीर सत्कार केला. हारांतून कसंबसं डोकं वर काढून तो रडकुंडीला येऊन ओरडला, "अहो, मी अळीबद्दल बोलत होतो! तिच्यावर उपाय हाये!"

टाळ्या थांबेचनात.

लोक अडाणी होते म्हणा. वाचकहो, तुम्हीही इथवर मजेत हसत आलात. उपाय काय, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत?