विलासभाऊची दोरी

सावली गावात आमच्या शेजारी विलासभाऊच्या दोरीवर कपडे कमी अन् कागदंच जास्त दिसतेत. मोबाईलचे ॲप बनवाचा त्याचा धंदा. कोणतं बटन दाबलं का पुढं काय दिसन, हे तो आधी एकेका कागदावर चित्रानं काढते अन् चिमटे लावून लाईनीत टांगते. "आधी कागद, मंग कम्प्युटर," हे त्याचं रोजचं भजन. एकडाव माह्या शेळीनं पुरं ॲपच खाल्लं. तो म्हणे, "बरं झालं गा, तिसरं चित्र तसंबी जमून नोहोतं राह्यलं."

मी शाळेच्या मांगून लय डाव गेलो, आतून नाई. सायकलीचे पंक्चर काढतो. तरी नवं ॲप तो पयले मलेच दाखवते. "गणपत, तुले समजलं तं कोणालेबी समजते." बायको म्हणते, हा काई मान नोहे. मले मानच वाटते.

परवा जंगलातल्या गावाईसाठी बिमार माणसाले गाडी बोलवाचं ॲप होतं. पयल्या कागदावर खाटेवरची म्हातारी. दुसऱ्यावर दोन गोल, एक हिरवा, एक लाल.

"दाब, बोलाव गाडी."

म्या माहं काळं बोट लालवर टेकवलं.

"मारली ना म्हातारी!" विलासभाऊ वरडला. "लालनं बंद होते! काऊन दाबलं?"

"भाऊ, हिरवं बोर कोण तोडते? हिरवं म्हंजे कच्चं. लाल झालं का तोडाचं."

मले वाटलं, आता हसन. तो तं मटकन खालीच बसला.

त्याची माय आलापल्लीकडं एकटी राह्यते. जलम बोरं अन् मोहा वेचण्यात गेला. हा गाव सोडून आला तवा दोघांचं वाजलं होतं. दिवाळीत यानं तिले हिरव्या-लाल बटनाचा फोन धाडला. तवापासून हा फोन लावते अन् माय फोन कापते.

"मले वाटे, अजून रागातच हाये," तो हळूच बोलला. "म्हणून गेलोच नाई."

मंग त्यानं एक चित्र काढलं. माय, कानाले फोन. ते टांगलं, अन् बाजूले एक कोराच कागद टांगला.

"इथी काय, भाऊ?"

"माय काय म्हणते, ऐकून येतो."

म्या त्याले स्टँडवर सोडलं. बोर्ड वाचता येत नाई, तरी मीच सांगतलं, "त्या लाल गाडीत बसा." तिथी साऱ्याच गाड्या लाल.

तो येईस्तोवर म्या शेळी बांधून ठेवली हाये. दोरीवर तो कोरा कागद हाये ना.