चार चुलींवर पायसम

सुधींद्रचा दावा असा, की आपला पीएचडीचा विषय आपण कुणालाही पाच मिनिटांत समजावू शकतो. कुणालाही! आजवर तशी वेळ आली नव्हती, हे त्याचं नशीब.

ती आली नेमकी धाकट्या बहिणीच्या, प्रीतीच्या, साखरपुड्याला. नवऱ्यामुलाची आई वेंकटलक्ष्मी तिरुविडैमरुदूरहून तासभर आधीच कुंभकोणमला येऊन थडकली. लग्नाची तारीख अजून तिच्या मुठीत होती.

"इतकीं वर्षें बंगळुरांत काय शिकतोस रे तूं?" तिनं तंजावुरी मराठीत विचारलं. सूर असा, की थोरला मुलगा रिकामा बसलाय, अशा घरातली सून करावी की नाही!

सुधींद्रनं तिला थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेलं. आत मुख्य आचारी स्वामीनाथ मामा आणि त्यांचे तीन मदतनीस चार चुलींशी झटत होते.

"बघा मामी, ह्या चौघांसही सगळे पदार्थ येतात. तशीं आपल्या पेशींत सगळीं जनुकें असतात. पण कुठलें चालू, कुठलें बंद, तें सांगणारीं प्रथिनें वेगळीं. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर! तीं जनुकापाशीं जाऊन बसतात. मग रोगाशीं लढणारी पेशी कधी भडकते, कधी निवते. आतां मीच तें प्रथिन, प्रत्यक्षच दाखवतों!"

आणि त्यानं आत हाक दिली, "पायसम!"

घरचा मुलगा शुभदिवशी स्वतः सांगतोय म्हटल्यावर चौघांनीही भात, सांबार, सगळं खाली उतरवलं. चार चुलींवर खिरीची चार पातेली चढली. घरातलं सगळं दूध त्यांत गेलं!

"आता बंद!" सुधींद्र ऐटीत म्हणाला.

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"पोदुम, मामा! पुरे!"

"तंबी, बाळा, शुभकार्याचं दूध उकळी आल्याशिवाय उतरवत नाहीत," स्वामीनाथ मामा थंडपणे म्हणाले. "मुलाच्या आईसमोर उतरवू? सांग."

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी दारात! कुंभकोणमात आल्याआल्या पाहुण्याला काय लागतं? कॉफी! आणि दूध? थेंब नाही! प्रीतीनं भावाकडे असं पाहिलं, की तो आचाऱ्यांच्या मागे सरकला. लग्न मोडलं असतं तर ती जन्मभर त्याच्याशी बोलली नसती.

शेवटी कॉफीच्या पितळी पेल्यांतून पायसम फिरलं. प्रीतीचे होणारे सासरे वैद्यनाथ यांनी कॉफी समजून फुंकर घातली, घोट घेतला आणि पेल्यात डोकावून पाहिलं.

"तुझा शोध नेमका कशावर?" वेंकटलक्ष्मीनं विचारलं.

"भडकलेल्या पेशींस... थांबवावें कसें, त्यावर."

ती इतकी हसली, की पदर डोळ्यांना लावावा लागला. तारीख तिथंच ठरली. अट एकच: लग्नात सुधींद्र तिच्या शेजारी बसेल, आणि उठेल तो तिला विचारूनच.

घरच्यांनी ही अट इतक्या झटकन मान्य केली, की सुधींद्रला जरा वाईटच वाटलं!