सासऱ्यांचे मलम आणि माझे नाक

माझ्या नाकात औषध मारायचा निर्णय बायकोने घेतला. (आमच्या घरात नाक माझे असले तरी निर्णय तिचेच असतात.) कारण काय, तर मी घोरतो. खरे तर कित्येक वर्षे मला कसलाच वास येत नव्हता, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उलट घरात मला जी काही किंमत होती ती त्यामुळेच होती.

त्याचे असे आहे, की सासरे आमच्याकडे राहतात आणि गुडघ्यांना स्वतः कढवलेले मलम लावतात. त्यात लसूण, कापूर, टर्पेंटाइन आणि माशाचे तेल असते, एवढेच त्यांनी आजवर कबूल केले आहे. नातवंडे त्यांच्याशी दाराबाहेरून बोलतात. मेव्हणा पलीकडच्याच गल्लीत राहतो, पण ख्यालीखुशाली व्हिडिओ कॉलवर विचारतो. मी मात्र ऑफिसातून आलो की रोज त्यांच्या खोलीत बुद्धिबळ मांडून बसायचो. बाबांना तुमच्याशिवाय आहे कोण, असे बायको म्हणाली की माझी छाती फुगायची.

डॉक्टरांनी नाकात टॉर्च मारून सांगितले, की आत मांसाचे कोंब वाढून वाट बुजली आहे. स्टेरॉइडचा फवारा बरेच दिवस मारावा लागेल, सूज उतरेल, कदाचित वासही परत येईल. स्टेरॉइड हा शब्द ऐकल्यापासून सासरे अधूनमधून माझे दंड चाचपून बघू लागले. (दंड होते तसेच राहिले, म्हणजे नव्हतेच.)

काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी उंट सरकवायला हात पुढे केला आणि वास आला. आला कसला, अंगावर धावून आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. हरायला लागलात म्हणून रडता काय, असे सासऱ्यांनी विचारले आणि माझा वजीर खाल्ला.

स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला बातमी दिली. ती क्षणभर हरखली आणि लगेच तिचा चेहरा उतरला.

"अहो, बाबांना कळू देऊ नका. तुम्हीही उठून गेलात तर ते पार खचतील."

झाले. मी श्वास रोखून खेळू लागलो. एका दमात जमतील तेवढ्या चाली करायच्या आणि पाणी प्यायला बाहेर पळायचे. मग कपड्यांचा चिमटा नाकाला लावून बसलो आणि सर्दीवर हा नवा उपाय असल्याची थाप मारली. सासऱ्यांना माझी दया आली. त्यांनी सर्दीसाठी तेच मलम माझ्या छातीला चोळले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लिफ्टमध्ये मी एकटाच होतो. दुपारपर्यंत साहेबांनी मला स्वतंत्र केबिन दिली. (इतकी वर्षे मान मोडून काम केले तेव्हा पंखासुद्धा मिळाला नव्हता.)

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने केबिनच्या काचेपलीकडून ज्ञान दिले, की असे फवारे फार दिवस मारले की नाक कायमचे मरते. मी आशेने डॉक्टरांकडे धावलो.

"माझे नाक साधारण कधी मरेल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तशी भीती बाळगू नका. उलट नियमित मारलात तर आलेला वास टिकेल."

"आणि सोडला तर?"

"कोंब पुन्हा वाढतील, घोरणंही सुरू होईल. पण तुम्हाला नेमकं हवंय काय?"

फवारा सोडला तर बायको हॉलमध्ये झोपवणार, चालू ठेवला तर सासरे एकटे पडणार. माझी अवस्था अगदी इकडे आड तिकडे विहीर अशी झाली.

शेवटी मी बुद्धिबळाचा पट बाजूला सारला आणि सासऱ्यांचा हात हातात घेतला. म्हाताऱ्या माणसाला आपण वाऱ्यावर सोडून चाललोय, या विचाराने मला खरोखर रडू येत होते.

"बाबा, मला वास येतो. सगळा येतो."

त्यांनी पुढे वाकून माझे नाक निरखले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उठून, गुडघे अजिबात न धरता, मलमाच्या बरणीला झाकण लावले.

"गुडघे माझे ठणठणीत आहेत, जावईबापू. कुणी येऊन बसू नये, निवांत रेडिओ ऐकता यावा, म्हणून हे लावत होतो. सगळे गेले, तुम्ही तेवढे हटत नव्हता. तुमच्यापायी दर महिन्याला लसूण वाढवत गेलो." मग त्यांनी प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता तो फवारा मात्र सोडू नका."