चार एकोणतीसचा सूर्योदय आणि दमयंतीबाईंचा डबा

“या सहलीत काही म्हणजे काही चुकणार नाही!” असं श्रीहरी परचुरेने तोक्योतल्या तोयोसुच्या ऑफिसात, लिफ्टची वाट बघता बघता, निदान सहा जणांना सांगितलं. त्यातल्या चौघांनी विचारलंही नव्हतं.

खात्रीला कारण होतं. एक्सेलमध्ये एक्केचाळीस ओळी भरून त्याने चार दिवसांचा कार्यक्रम आखला होता. तोक्योहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सेंदाई, तिथे भाड्याची कॅम्पर व्हॅन, मग समुद्राच्या कडेकडेने थेट उत्तरेला. दात घासायला चार मिनिटं. ‘समुद्राकडे पाहून थक्क होणे’ला अकरा. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ क्रमांक एकोणीस, पिवळ्या रंगात: ४ मे, पहाटे ४:२९, दीपगृह, सूर्योदय.

या ओळीमागे पंचवीस वर्षांची थकबाकी होती. १९९४ साली, लग्नानंतर महाबळेश्वरला, “उद्या तुला सूर्योदय दाखवतो!” असं नव्या नवरीला सांगून श्रीहरी जो झोपला तो चार मेला साडेनऊला उठला. त्यानंतर प्रत्येक चार मेला त्याच्या ऑफिसात काही ना काही आग लागलेली असे. सुप्रभाने एकदाही तक्रार केली नाही. फक्त दर वर्षी त्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना म्हणायची, “आला हो सूर्य वर.” बस्स, एवढंच. चोवीस वर्षं ऐकून श्रीहरीला आता सूर्याचाच राग यायला लागला होता. यंदा, २०१९ साली, जपान सरकारने दहा दिवसांची सुट्टी दिली होती. आता निमित्त उरलं नव्हतं. हा सूर्योदय चुकला असता, तर पुढची पंचवीस वर्षं त्याच्याच्याने चहा गिळवला नसता.

नियम एकच होता. जाताना जेवढं सामान, येताना तेवढंच. व्हॅन म्हणजे चाकं लावलेलं कपाट! दोघं एकाच वेळी श्वास घेत असली तर एकाने पोट आत घ्यावं लागे. तरीही पहिल्याच थांब्यावर सुप्रभाच्या पिशवीतून स्टीलचा एक डबा निघालाच.

“हे काय?”

“बेसनाचे लाडू. प्रवासात असावेत.”

“यादीत नाहीत!”

“यादीत मीसुद्धा नाहीये. बघितलंय मी. ‘प्रवासी दोन’ एवढंच लिहिलंयत.”

डबा सुप्रभाच्या आईचा होता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. दमयंती लेले, १९७१. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तोक्योत, कोतो भागातल्या घरी तिची अशी ही एकच वस्तू होती. श्रीहरीने यादीत बेचाळिसावी ओळ घातली.

तीन मेला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ते एका गावाच्या मिचि-नो-एकीवर थांबले. मिचि-नो-एकी म्हणजे हमरस्त्यावरचा विसावा. स्वच्छतागृह, गावातल्या बायकांची भाजीची दुकानं आणि रात्री गाडीत झोपायला मोकळी जागा. पलीकडे समुद्र होता, पण तो दिसत नव्हता. २०११च्या त्सुनामीच्या लाटेनंतर बांधलेली चार मजली काँक्रीटची भिंत मध्ये होती. थांबा पंधरा मिनिटांचा होता. दीपगृह अजून सत्तर किलोमीटर होतं.

एका टपरीवर कुमागाई-सान नावाच्या आजीबाई समुद्रातली पालेभाजी, म्हणजे वाकामे, विकत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची टेबलाएवढी, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी सुप्रभाला वाकामेचं गरम सूप दिलं. सुप्रभाने बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात सहा वर्षं बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, केलेली, त्यामुळे तिचं जपानी झऱ्यासारखं. श्रीहरीला चौदा वर्षांत फक्त माफी मागायचं जपानी आलं होतं, कारण ऑफिसात तेवढंच लागे.

सुपाच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं म्हणून सुप्रभाने डबा उघडला आणि वडीलधाऱ्या बाईपुढे धरतात तसा, दोन्ही हातांनी, किंचित वाकून पुढे केला. आपल्याकडे समोरचा एक लाडू उचलतो, “पुरे, पुरे” म्हणतो, आपण आग्रह करतो, तो दुसरा उचलतो. कुमागाई-सानच्या गावात दोन्ही हातांनी पुढे केलेली वस्तू म्हणजे भेट. त्यांनीही दोन्ही हातांनी डबा घेतला. कमरेत काटकोनात वाकल्या. झाकण लावलं. आणि डबा घेऊन आपल्या छोट्या पांढऱ्या ट्रकमध्ये बसून निघूनही गेल्या!

सुप्रभाचे हात तसेच हवेत राहिले.

“अहो, डबा गेला.”

“लाडू तर द्यायचेच होते ना?”

“दोन द्यायचे होते! डबा आईचा आहे, अहो!”

शेजारच्या टपरीवाल्या बाईने समजावलं. कुमागाई-सान घरी गेल्यात, मिळालेली भेट आधी पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला. येतील परत.

त्या तीन पन्नासला आल्या. डबा नव्हता. हातात त्यांचा स्वतःचा प्लास्टिकचा निळा डबा होता, वाकामेने गच्च भरलेला. “तुमचा डबा देव्हाऱ्यात आहे. तो उद्या देते. तोवर हे घ्या!” म्हणाल्या आणि टपरी आवरून निघाल्याही.

श्रीहरीने घड्याळ बघितलं. “हे बघ, घर वर टेकडीवर आहे म्हणे, दहा मिनिटांवर. जाऊ, निळा डबा देऊ, आपला घेऊ, सुटू. आठपर्यंत दीपगृह!”

“निळा डबा रिकामा देऊ?”

“मग काय भरून देणार? पेट्रोल?”

“दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो. आई काय म्हणेल?”

दमयंतीबाई जिवंत असतानाही श्रीहरी त्यांच्याशी वाद घालत नसे. आता तर त्याची अजिबात तयारी नव्हती. व्हॅनमधल्या करंगळीएवढ्या शेगडीवर सुप्रभाने शिरा केला. रव्याच्या वाफेने काचा धुरकटल्या. पाच मिनिटांचं काम पन्नास मिनिटांवर गेलं. ओळ तेरा, चौदा आणि पंधरा श्रीहरीने एका फटक्यात लाल केल्या.

टेकडीवरची घरं सगळी नवी आणि एकसारखी होती, शाळेच्या गणवेशात उभी केल्यासारखी. सहा वाजता योग्य घर सापडलं. कुमागाई-सानचे यजमान दारात होते. वाळलेला, उंच, अबोल मच्छीमार. आत चहा आला. देव्हाऱ्यात दोन फोटोंसमोर दमयंतीबाईंचा डबा होता आणि त्यावर लाडवांचा मनोरा रचलेला.

“माग ना,” श्रीहरी मराठीत कुजबुजला.

“देव्हाऱ्यातून उचला कसं म्हणू? तुम्ही मागा.”

“मला फक्त माफी मागता येते!”

कुमागाई-सानने झाकणावर बोट ठेवून विचारलं, “हे काय लिहिलंय?”

“माझ्या आईचं नाव,” सुप्रभा म्हणाली. “आमच्याकडे भांड्यांवर नावं घालतात. शेजारीपाजारी गेलेलं भांडं मग ओळखू येतं, परत घरी येतं.”

आजीबाई जरा वेळ त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. “हे बरं आहे,” म्हणाल्या. “आमच्या भांड्यांवर नावं नव्हती. लाटेनंतर मैदानात ढीग लावले होते. सगळ्यांची सारखीच. कुठली माझी, कसं सांगणार? या घरात आठ वर्षांपेक्षा जुनं काही नाही. आम्ही दोघं सोडून.” आणि स्वतःच खदखदून हसल्या. यजमान हसले नाहीत, त्यांनी फक्त सुप्रभाचा कप पुन्हा भरला.

मग आजीबाईंनी स्वतःच डबा उतरवला, स्वयंपाकघरात नेला आणि भरून आणला. निळा डबा शिऱ्यासकट तिकडे राहिला, स्टीलचा इकडे आला. सुटले! सात वाजता व्हॅन उत्तरेच्या रस्त्याला लागली तेव्हा श्रीहरी शीळ घालत होता.

“काय दिलंय गं?”

सुप्रभाने किलकिलं झाकण उचललं. आत केशरी, अंगभर पुळ्या आलेली, मुठीएवढी गोल फळं. “समुद्रातला अननस म्हणाल्या. होया का काहीतरी. फळच असेल.”

पहिल्या वळणावर डबा कलंडला. फळं गडगडत श्रीहरीच्या पायांशी आली. एकाने त्याच्या घोट्यावर खाऱ्या पाण्याची पिचकारी मारली.

“फळ थुंकत नाही, सुप्रभा!”

“ओरडू नका, ते घाबरेल!”

तो होया नावाचा जिवंत समुद्री प्राणी होता. पिढीजात शाकाहारी परचुरे घराण्यात आजवर इतक्या जवळून कोणी पाहिला नव्हता. वास असा, की बंदरावर कोणीतरी आयोडीनची बाटली फोडलीय! श्रीहरीने गाडी बाजूला घेतली. दोघं गुडघ्यांवर बसून, हातात पायमोजे घालून, त्या प्राण्यांना गोळा करू लागली. तेवढ्यात मागून दिवे लुकलुकवत एक गाडी येऊन थांबली. श्रीहरी उठला आणि काय चुकलं हे कळायच्या आतच, चौदा वर्षांच्या सवयीने, माफी मागायला लागला. तीनदा वाकला. चौथ्यांदा वर आला तेव्हा समोर कुमागाई-आजोबा उभे होते. ते संध्याकाळभरात पहिल्यांदाच बोलले.

“शिरा. चांगला होता.”

एवढं बोलून त्यांनी उकडलेल्या बांबूच्या कोंबांनी भरलेला, लाल झाकणाचा एक नवाच डबा श्रीहरीच्या हातात दिला आणि गेले.

दोघं लाल झाकणाकडे बघत राहिली.

“हा कोणाचा?” श्रीहरीने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

“त्यांचा.”

“म्हणजे परत...”

“द्यायला हवा.”

“रिकामा...”

सुप्रभाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. श्रीहरीने व्हॅन वळवली.

पहाटे चार वाजता तो जागा झाला तो पोह्यांच्या फोडणीने. मिचि-नो-एकीच्या त्याच जागेवर, त्याच भिंतीसमोर. सुप्रभा लाल डबा भरत होती. समोरच्या काचेतून फक्त काँक्रीट दिसत होतं, राखाडी, सपाट, टोकापासून टोकापर्यंत. भिंतीमागे आभाळ उजळत चाललं होतं. चार वीस. दीपगृह सत्तर किलोमीटर. श्रीहरीने फोनवर दीपगृहाचा थेट कॅमेरा लावला आणि बायकोपुढे धरला. त्यावर पाटी दिसत होती: ‘देखभालीसाठी बंद’.

“असू दे,” सुप्रभा म्हणाली. तिने चहा गाळला, कप त्याच्यापुढे ठेवला, आणि तिचं तोंड उघडायच्या आत श्रीहरी कळवळून म्हणाला, “नको ना! यंदा तरी ते वाक्य नको!”

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर रबरी बूट घातलेल्या कुमागाई-सान, हातात बादली.

“झोपलात काय? चला वर!”

भिंतीला जिना होता. बहात्तर पायऱ्या. काल दुपारपासून तो व्हॅनपासून वीस पावलांवर होता, पण तो यादीत नसल्यामुळे श्रीहरीने बघितलाच नव्हता. वर पोचले तेव्हा चार अठ्ठावीस झाले होते. खाली अख्खा समुद्र, त्यावर वाकामेच्या शेतांचे काळे तराफे, आणि मग एक मिनिटाने, अगदी एक्सेलमध्ये लिहिल्यासारखा, तो वर आला.

श्रीहरीचा फोन खाली व्हॅनमध्ये, पोह्यांच्या कढईशेजारी राहिला होता. त्याला आठवण झाली आणि तरी तो हलला नाही. सुप्रभाने त्याच्या बाहीला धरलं होतं.

“आला हो सूर्य वर,” ती म्हणाली. आवाज या वेळी वेगळा होता.

खाली आल्यावर तिने पोह्यांचा लाल डबा कुमागाई-सानच्या हातात दिला आणि त्यांनी मागितला म्हणून घरचा पत्ताही लिहून दिला. मग आत गेली, होया आजीबाईंच्या बादलीत सोडले, दमयंतीबाईंचा डबा धुतला, पुसला, आणि तोही दोन्ही हातांनी पुढे केला.

“हा तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या घरात एक तरी भांडं जुनं असावं.”

“नाव?”

“आईचंच राहील. तिला चालेल.”

आजीबाईंनी डबा छातीशी धरला. श्रीहरी वळून व्हॅनची काच पुसायला लागला. ती फोडणीने धुरकटली असणार, असं त्याने ठरवलं.

गाडी सुरू झाल्यावर मात्र त्याला एकदम उजेड पडला. त्याने स्टीअरिंगवर थाप मारली. “सुप्रभा, तू साखळीच तोडलीस! त्यांचे डबे त्यांच्याकडे, आपलाही त्यांच्याकडे. परत करायला काही उरलंच नाही! जाताना जेवढं सामान...”

“त्यापेक्षा एक डबा कमी,” सुप्रभा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

सहा मेला संध्याकाळी ते कोतोतल्या घरी पोचले. दारात केतकी नाक दाबून उभी होती. केतकी म्हणजे त्यांची एकोणीस वर्षांची लेक, जी आईबाबांशी मराठीत फक्त जेवायला काय आहे एवढंच बोलते.

“कुसाई! काय घाण वास! बाबा, हे सकाळी कुरियरने आलं. फ्रिज उघडूच नका!”

फ्रिजचा मधला कप्पा बर्फातल्या होयांनी भरला होता. ते ज्या काळ्या लाकडी डब्यात आले होते तो नवाकोरा होता. झाकणावर खिळ्याने, ठिपक्याठिपक्यांनी, मोठ्या कष्टाने कोरलेलं होतं: कुमागाई. सोबत चिठ्ठी होती. केतकीने नाक दाबूनच वाचून दाखवली.

“तुमच्याकडून शिकलो. यजमानांनी रात्री बसून नाव घातलं. आता हा डबा हरवायचा नाही, फिरून घरीच येणार.”

सुप्रभाने श्रीहरीकडे बघितलं. श्रीहरीने डब्याकडे बघितलं. चांगला दोन किलोचा होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, लिफ्टशी, सहाही जणांनी विचारलं, “श्रीहरी-सान, सहल कशी झाली? सगळं ठरल्याप्रमाणे?”

“अगदी!” श्रीहरी म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकला, कारण घोट्याला अजून वास येत होता. मग त्याने साहेबांकडे शनिवारच्या जादा कामातून सुट्टी मागितली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर तो बराच वेळ थांबला. ‘चकल्या पाडणे’ला जपानीत काय म्हणतात, हे त्याला चौदा वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्याने नुसतीच माफी मागितली.