मांडवाच्या दारात ‘परत जा’

केज तालुक्यात गेल्या पंचवीस वर्षांत जेवढे भाऊ, दादा, अण्णा आणि साहेब मोठे झाले, ते सगळे माझ्या अक्षरात मोठे झाले. हे मी छाती ठोकून सांगतो! नांदूरघाटात येऊन ‘पेंटर राधाकिशन’ एवढंच विचारा, शेंबडं पोरगंही दुकानापर्यंत आणून सोडील.

आधी माझ्या हातात ब्रश होता. भिंतीला चुना मारायचा, दोरीला नीळ लावून सरळ रेघ उठवायची आणि ‘र’ला असा काही बाक द्यायचा की हॉटेलातली माणसं चहाचा कप हातात धरून बघत उभी राहायची. खाली कोपऱ्यात बारीक सही. मग फ्लेक्स आले. ब्रश डब्यात वाळून गेले आणि मी संगणकापुढे बसून लोकांचे चेहरे गोरे करायला लागलो. फ्लेक्सवर अक्षराला विचारतो कोण? मधे साहेबांचा फोटो, वर त्यांच्या साहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे फोटो. उरलेल्या जागेत अक्षरं बिचारी अंग चोरून उभी, भरलेल्या एसटीच्या दारात माणसं उभी राहावीत तशी.

अशात एक दिवस माझ्या लेकीनं, संस्कृतीनं, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

“पप्पा, हे बगा. गाण्याची एक ओळ घ्यायची आन् तिचं पोस्टर करायचं. नुसती अक्षरं. याला टायपोग्राफी म्हणतेत.”

“आन् फोटो?”

“फोटो न्हाईच!”

फोटो नाही! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. अख्ख्या जगात कुणीतरी अजून अक्षराला मान देत होतं!

त्या दिवसापासून मी पेटलो. इंटरनेटवर एक गुरुजी सापडले. ते सांगायचे, “प्रत्येक पोस्टरात एक शब्द राजा असतो. राजा मोठा करा, बाकीची रयत बारीक ठेवा.” मी राजे मोठे करायला लागलो. लहानपणी कानावर पडलेलं एकेक गाणं आठवायचं आणि त्याचं पोस्टर करून घरात लावायचं. जात्यावरच्या एका गाण्यातली ओळ घेतली, ‘दळण’ हा शब्द हातभर मोठा केला, बाकीची ओळ त्याच्या पायाशी नाजूक अक्षरात बसवली आणि स्वयंपाकघरात टांगली. आमच्या सौभाग्यवती, म्हणजे सुकन्याबाई, भाकरी थापता थापता थांबल्या.

“दळण आणायचंय हे लिहून कशाला लावलंव? तोंडानं सांगा की!”

“अगं, बारीक अक्षरं वाच ना!”

“मला चष्मा हाय का भाकरी करताना?”

हा इशारा होता. पण कलावंताला इशारे समजत नसतात.

पुढे संस्कृतीचं लग्न ठरलं. मुलगा आष्टीकडच्या कडा गावचा, अमरसिंह नावाचा. माणसं चांगली. व्याही बिभीषणराव जरा तापट, पण सरळ. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, पोरीच्या लग्नात आपल्या हातचं एक असं पोस्टर लावायचं की आयुष्यभर तिच्या लक्षात राहील. ओळ शोधायची गरजच नव्हती. ती चाळीस वर्षं माझ्या पोटात होती.

आमची माय गावातल्या प्रत्येक पोरीच्या पाठवणीला एक गाणं म्हणायची.

‘गाडीच्या मागं मागं, माय चालती पायी,
परत जा गं माये, ऊन सोसायचं न्हाई.’

दुसऱ्यांच्या पोरींना वाटे लावताना तिचा आवाज खणखणीत लागायचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या, कडूअक्काच्या लग्नात मात्र मायच्या तोंडून शब्द फुटला नाही. अक्का बैलगाडीत बसली आणि माय मुक्यानं गाडीमागं चालत सुटली. अनवाणी. मी तिचं बोट धरून मागं मागं. ओढ्यापाशी अक्कानं गाडीतून वळून बघितलं आणि रडत ओरडली, “परत जा गं माये!” माय थांबली. गाडी दिसेनाशी झाली तरी उभीच होती. मला अजून ते ऊन आठवतं आणि तिच्या हाताला आलेला घाम आठवतो.

आता माय नाही, बैलगाडी नाही, ओढ्यावर पूल झालाय. निदान ओळ तरी राहू दे, एवढीच माझी इच्छा होती.

पोस्टरातला राजा कोण, हे तुम्ही ओळखलं असेलच. ‘परत जा’! पुरुषभर उंच, लालभडक अक्षरं. डावीकडे ‘परत’, उजवीकडे ‘जा’. बाकीचं गाणं वर आणि खाली केसासारख्या बारीक रेघांत. दुकानातल्या पडद्यावर बघताना माझाच ऊर भरून आला. सुकन्या म्हणाली, “फोटो न्हाई, नाव न्हाई. लोकाला काय कळायचं?” मी नुसता हसलो.

हे पोस्टर लागायचं होतं मांडवात, आतल्या बाजूला, पाठवणीच्या वेळी. आमचा मांडववाला बजरंग माझा लहानपणचा मित्र. त्याला मी तसं बजावून सांगितलं होतं. पण लग्नाच्या दिवशी मी फेट्यात अडकलो होतो आणि बजरंग घाईत होता. त्यानं आयुष्यभर एकच नियम पाळला होता, सगळ्यात मोठा फ्लेक्स कमानीवर. ‘सुस्वागतम’ छोटं होतं, ते त्यानं आत स्वयंपाक्याच्या डोक्यावर लावलं. माझं पोस्टर कमानीवर चढवलं. बरं, कमानीला ते उंचीला जास्त झालं, म्हणून पठ्ठ्यानं वरून आणि खालून छान दुमडून मागं बांधून टाकलं. बारीक अक्षरं सगळी मागच्या बाजूला गेली.

राजा तेवढा पुढं उरला!

तिकडे नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवाकडे निघाला. डीजेच्या आवाजानं आमच्या पत्र्यावरची चिमणी उडाली होती. मी फेटा सावरत हार हातात घेऊन उभा होतो. आणि अचानक डीजे बंद पडला.

मला वाटलं लाइट गेली. बाहेर येऊन बघतो तर वळणावर अख्खं वऱ्हाड थिजून उभं! घोड्यावर नवरदेव, घोड्यापुढे बिभीषणराव, आणि सगळ्यांच्या माना वर. मीही वर बघितलं.

माझ्या हातातला हार खाली पडला.

“इवाई,” बिभीषणराव माझ्याकडे बघून म्हणाले, “दोन गाड्या माणसं जास्त आणली, हे आमाला मान्य हाय. चुकलं आमचं. पण तोंडानं बोलायचं व्हतं ना!”

“अहो, तसं न्हाई...”

“छापून लावलंव! म्हंजी हे आजचं न्हाई. हे आधीच ठरलं व्हतं!”

“तुमच्या गाड्या जास्त येणार हे मला आधीच कसं कळंल, इवाई?”

“तेच तर! इतका आमच्यावर इस्वास न्हाई तुमचा?”

घामानं माझा फेटा सैल झाला. मी हात जोडून ओरडलो, “इवाई, ते तुमाला न्हाई! ती टायपोग्राफी हाय! टायपोग्राफी!”

मागच्या रांगेनं पुढच्या रांगेला विचारलं, “काय म्हणले?”

“टायफॉइड हाय म्हणले.”

“कुनाला?”

“घरात कुनाला तरी. म्हनून तर बोर्ड लावलाय, परत जा!”

झालं! कोरोनात गावोगाव वेशीवर बोर्ड लागले होते, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. एका मावशींनी पदर नाकाला लावला. कुणी तरी ओरडलं, “पानी पिऊ नका बे कुनी!” आमचा स्वयंपाकी झारा घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं त्याच्या बुंदीला नावं ठेवतायत. दोन मिनिटांत बातमी फिरून आतल्या खोलीत आली. नवरीलाच टायफॉइड झालाय म्हणे! संस्कृती आरशासमोर बसून कपाळाला हात लावून ताप बघत होती, असं सुकन्यानं मला नंतर सांगितलं.

“बजरंग!” मी किंचाळलो. “खाली घे ते! न्हाई तर पूर्ण उलगड! बारीक अक्षरं दिसू दे!”

बजरंग शिडी लावून सरसर वर चढला. गडबडीत त्यानं डाव्या बाजूची दोरी सोडली. ‘परत’ फडफडत खाली लोंबायला लागलं. उजवीकडची गाठ काही केल्या सुटेना.

आता कमानीवर एकच अक्षर उरलं.

‘जा’!

“बघा!” बिभीषणरावांचा आवाज चिरकला. “बघा, अजून कडक केलं! चला रे, घोडा फिरवा!”

आणि घोडा खरंच फिरला. आत माझी पोरगी हळद लावून बसलेली, आणि तिचं लग्न माझ्या दोन शब्दांनी मोडायला निघालं होतं! मला रडू फुटलं. भर रस्त्यात, फेटा गळ्यात आलेला, पन्नाशीचा माणूस, मी लेकरासारखा रडायला लागलो.

तेवढ्यात मला बाजूला सारून कडूअक्का पुढं झाली.

कडूअक्काचा आवाज म्हणजे काय सांगू! तिनं रानात हाक मारली तर शेजारच्या शिवारातली गुरं मान वर करतात. तिनं खाली लोंबलेलं पोस्टर बघितलं, मागच्या बाजूला गेलेली बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली आणि माझ्याकडे बघितलं. पदर खोचला, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि सुरू केलं,

‘गाडीच्या मागं मागं, माय चालती पायी,
परत जा गं माये, ऊन सोसायचं न्हाई.’

ना डीजे, ना माइक. मायचाच आवाज होता तो, अगदी तसाच, ‘माये’वर जरा थरथरणारा. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या हळूहळू अक्काच्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि सुरात सूर मिसळायला लागल्या. अक्काच्या पाठवणीला मायच्या तोंडून न फुटलेले शब्द इतक्या वर्षांनी भर दुपारी त्याच गावात फुटत होते. मी गळ्यातल्या फेट्यानं डोळे पुसले. मी लाजलो नाही.

गाणं संपलं. आणि मग वऱ्हाडाच्या पहिल्या गाडीचं दार उघडलं. बिभीषणरावांच्या आई, केसरबाई, गुडघे धरून खाली उतरल्या. त्यांनी अक्काकडे बघितलं, गळा साफ केला आणि कापऱ्या आवाजात उत्तर दिलं,

‘परत जा म्हणू नको, अगं माझ्या सूनबाई,
तुझ्या माहेराला आमचं दार बंद न्हाई.’

“हे पुढचं कडवं हाय,” केसरबाई म्हणाल्या. “आमच्याकडं नवऱ्याकडच्या बायका म्हनत्यात. किती वर्सं झाली, कुनी पहिलं कडवंच म्हनलं न्हाई. मग मी दुसरं कुठं म्हनू?”

कडूअक्कानं त्यांना मिठी मारली. केसरबाईंनी लेकाकडे वळून बघितलं. “बिभीषणा, घोडा फिरीव इकडं. दोन गाड्या जास्त आणायच्या तू, आन् रुसायचं बी तूच!”

घोडा फिरला! डीजे सुरू झाला! बिभीषणराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “इवाई, जेवण पुरंल ना?”

“लई हाय, इवाई.”

“मग ते टायफॉइडचं काय?”

मी त्यांना टायपोग्राफी समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चांगलं हाय. पूजेला आमच्या दारात एक लावा. फक्त मधे माझा फोटो टाका.”

लग्न लागलं. संध्याकाळी पाठवणी झाली. मी ठरवलं होतं, मायसारखं गाडीमागं चालायचं. पण आजकालच्या गाड्या बैलगाडीसारख्या थोड्याच दमानं निघतात! मी चार पावलं टाकतोय तोवर गाडी वेशीपाशी. तरी मी पळालो. पुलावर गाडी थांबली, काच खाली आली आणि संस्कृतीचं तोंड बाहेर आलं. काजळ सगळं गालावर.

“पप्पा, परत जा ना आता!”

एवढं एक वाक्य. पुरुषभर उंच लाल अक्षरांत मला जे जमलं नाही, ते पोरीनं रडता रडता करून दाखवलं. मी थांबलो. गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. माझ्या हाताला घाम आला होता.

आता गोष्ट इथंच संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण आमच्याकडे फ्लेक्स कधी वाया जात नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सुकन्यानं ते पोस्टर काढलं आणि रस्त्याकडेला रचलेल्या कडब्याच्या गंजीवर घट्ट बांधून टाकलं. मी घाईत होतो, माझ्या लक्षात आलं नाही. पंचमीला पोरगी पहिल्यांदा माहेरी येणार होती. घरात पुरणाचा वास सुटला होता. मी दारात उभा राहून वाट बघत होतो. वळणावर जावयांची गाडी दिसली. मी हात हलवला. गाडी थांबली. बराच वेळ नुसती थांबली. मग मला फोन आला.

“पप्पा,” जावई फार अदबीनं विचारत होते, “येऊ का आमी, का परत जाऊ?”

मी कडब्याच्या गंजीकडे धावत सुटलो. पण खरं सांगू का? लांबून अक्षर दिसत मात्र फार सुरेख होतं!