सरांची सावड

"अकाउंट्सचा निकाल का बुडाला, ते मी आठवड्यात शोधून देतो!" सार्थक सरांनी स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगितलं. साठातली चव्वेचाळीस पोरं नापास, नोकरी तासिका तत्त्वावरची, आणि दिवाळीआधीची चाचणीही बुडाली तर भोरला घरी जाऊन बसायचं! सरांनी वीस प्रश्नांचा फॉर्म काढला. घरचं वातावरण, मोबाईल, एसटीचा प्रवास, झोप, नाश्ता... सर शिकवतात कसं, हा प्रश्न तेवढा जागेअभावी राहिला.

वर्गात पहिली यायची ती पासली गावची सुलक्षणा. तिचं गुपित काढायला सर निघाले, ते थेट भाताच्या खाचरावर पोचले. लावणी चाललेली. बांधावर नुसतं उभं राहायची तिथं रीतच नाही!

"सर, पँट वर घ्या अन् उतरा," सुलक्षणाची आई फुलाबाई म्हणाली.

"अहो मावशी, मी प्रश्न विचारायला आलोय!"

"इचारा की! तोंड कुठं चिखलात हाय?"

सर चार वाजेपर्यंत वाकलेलेच. फॉर्म चिखलात गेला, कंबर कामातून गेली.

"ही सावड हाय, सर," निघताना फुलाबाई म्हणाली. "आज तुमी आमच्याकडं, उद्या आमी तुमच्याकडं. तुमचा दिस फेडाय येते."

सर हसले. सोमवारी फुलाबाई खरंच वर्गाच्या दारात हजर!

"तुमचं वावर हेच न्हवं? सांगा, काय करू?"

गोंधळलेल्या सरांनी खडू पुढे केला. तिनं तो घेतलाच नाही.

"पोरांनो, शेजारच्या भिमाच्या लावणीला आमचं तीन दिस गेलं. त्यो आमच्याकडं दोनच दिस आला. कुणाचं येणं?"

"तुमचं! एक दिवस!" वर्ग ओरडला.

"अन् भिमाच्या घरी त्याला काय म्हनत्यात?"

"देणं!"

डेबिट-क्रेडिट समजावणं सरांना महिनाभरात जमलं नव्हतं, ते तीन मिनिटांत झालं! सर मागच्या बाकावर बसून लिहून घेत होते.

त्या दिवसापासून सर सावडीचीच उदाहरणं देऊ लागले. चाचणीत बावन्न पोरं पास झाली, नोकरी राहिली. सर खुशीत पेढे घेऊन पासलीला गेले, तर तिथं भातकापणी जोरात.

"मावशी, आपली सावड फिटली ना?"

"कशाची फिटतीय! तुमी लावलेली रोपं दुसऱ्याच दिशी पाण्यावर तरंगली. पुन्यांदा लावली आमी. पोरांम्होरं कसं सांगायचं, म्हनून गप ऱ्हायले. त्यो एक दिस, अन् वर्गातला माझा एक. दोन दिस निघत्यात तुमच्यावर!"

सरांनी पेढे बांधावर ठेवले आणि विळा घेतला.

"अन् जपून, सर," फुलाबाई म्हणाली. "लावणी पुन्यांदा केली. कापणी पुन्यांदा व्हत न्हाई!"