नानांनी नामंजूर केलेली गाडी

सुभेदार नाना कुठल्याही जुन्या गाडीजवळ गेले की आधी मागचं दार उघडून आत बसतात, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढतात आणि त्याचं टोक नाकाला लावून वास घेतात. विकणारा माणूस हातात किल्ली घेऊन समोर उभा असतो. म्हाताऱ्याला कसला तरी झटका आला, असं त्याला वाटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही तेच वाटलं होतं आणि मी पाण्याची बाटली पुढं केली होती.

नाना चिखलाचा वास शोधत होते. सांगलीत कृष्णामाई गल्लीत शिरली की लोक आधी म्हातारी माणसं हलवतात, मग जनावरं, मग टीव्ही. गाडी राहते दारात. पाणी उतरल्यावर ती धुतात, सीटची कव्हरं बदलतात, आत अत्तर मारतात आणि विकायला काढतात. "माणूस समदं धुतो गड्या, पर पट्टा शेवटपातूर कोण वढत न्हाई," नाना म्हणाले. त्या दिवशीच्या पट्ट्याचं शेवटचं वीतभर टोक खरोखरच मातकट निघालं. नाना खाली उतरले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "नामंजूर."

हा त्यांचा आवडता शब्द. नाना आमच्या वडूजचे. फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात अठ्ठावीस वर्षं घालवून सुभेदार म्हणून घरी आले. आता सत्तरी ओलांडली, पण खटाव तालुक्यात जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक आधी नानांकडं येतात आणि मग बँकेत जातात. नाना पैसे घेत नाहीत. एक कापडी पिशवी घेऊन निघतात. तीत लोहचुंबक, बॅटरी, पांढरा रुमाल आणि गाडीखाली आडवं व्हायला गोणपाट. विकणाऱ्याच्या घरचा चहा मात्र पीत नाहीत, आपल्यालाही पिऊ देत नाहीत. ज्याचा चहा प्याला त्याची गाडी चांगलीच दिसते, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा ते समोरच्या टपरीवर जातात आणि चहा पिता पिता टपरीवाल्याला विचारतात, समोरचे गाडी का विकतायत हो? मालक सांगत नाही ते टपरीवाला सांगतो.

नानांचं घर दहिवडीच्या रस्त्याला आहे. त्यांनी निवडून दिलेली गाडी दारावरून गेली की चालवणारा हॉर्न वाजवतो. तो नानांना सलाम. कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले नाना मान वर न करता हात उचलतात आणि गाडी ओळखतात. ही शिंद्याची पांढरी. ही पाटलीणबाईंची, क्लच घासतोय, सांगितलं पायजे. स्वतःसाठी मात्र त्यांनी गाडी कधी घेतली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुठं जायचंय?"

घरात ते एकटेच असतात. नानी पुण्याला मुलाकडं. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, तो नातू आता दुसरीत आहे. नाना अधूनमधून जातात आणि चौथ्या दिवशी परत येतात. तिथं गाडी तळघरात आणि माणसं नवव्या मजल्यावर, दोघंही कुणाशी बोलत नाहीत, अशी त्यांची तक्रार.

आता माझं सांगतो. मी इथल्या कॉलेजात क्लार्क. बायको वैशाली झेडपीच्या शाळेत शिक्षिका. गेल्या वर्षी तिची बदली माण तालुक्यातल्या एका वस्तीवर झाली. घरापासून अठ्ठावीस किलोमीटर, आणि रस्ता असा की स्कूटर आणि पाठीचा कणा यांतलं एकच काही तरी टिकावं. वर्षभर तिनं स्कूटर टिकवली. मार्चमध्ये एका सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, मणक्याची चकती सरकलीय, दुचाकी कायमची बंद. त्या वस्तीवर एसटी जाते अकराला आणि परत येते तिच्या मर्जीनं. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडायच्या आत चारचाकी पाहिजे. जवळ होते पावणेतीन लाख. कंबर जरा बरी झाल्यावर वैशालीनं ड्रायव्हिंगचा क्लास लावला आणि पंधरा दिवसांत शिकली. मीही लावला होता. मला अजून रिव्हर्स येत नाही.

तर मी नानांकडं गेलो. गाडी पाहिजे एवढंच सांगितलं. कशाला पाहिजे ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही बायकोच्या पाठीची कहाणी सांगत बसलो नाही. ती चूक माझी.

मग आमचे रविवार सुरू झाले. येताना गाडी घेऊन यायची या हिशेबानं आम्ही जायचो एसटीनं, आणि दर वेळी परतही यायचो एसटीनंच. सांगलीच्या गाडीचा कंडक्टर आम्हाला ओळखायला लागला. संध्याकाळी चढलो की तिकीट फाडायच्या आधी विचारायचा, "न्हाईच का?"

साताऱ्यात पहिल्या तिन्ही गाड्या विकणाऱ्यांच्या तोंडून 'डॉक्टरची गाडी, एकहाती' निघाल्या. नाना म्हणाले, सातारा-सांगलीत गाड्या विकणारे एवढे डॉक्टर असते तर आपल्याला दवाखान्यात नंबर लावावा लागला नसता. दहाची वेळ दिली की नाना साडेआठला हजर. मालक तोंडात ब्रश धरून दार उघडतो, तोवर नानांचा तळहात बॉनेटवर. इंजिन गार असेल तरच पुढचं बोलणं. गरम असेल तर याचा अर्थ मालकानं आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे गार गाडी सुरू होताना खोकते किंवा धूर टाकते. कराडला एकाची गाडी गरम निघाली, पण तो बिचारा खरंच आईला देवाला नेऊन आला होता. आईनं स्वतः येऊन सांगितलं. नानांनी तिला वाकून नमस्कार केला आणि गाडी नामंजूर केली.

चालवून बघताना मालक हमखास गाणी लावतो. नाना हात लांब करून ती बंद करतात. "गाडी बोलती. आपण गप बसायचं." मग चढ बघून गाडी दुसऱ्या गिअरवर घालतात आणि डोळे मिटून ऐकतात. आमच्यासारख्यांना त्या वेळी देव आठवतो, कारण गाडी नानाच चालवत असतात. एका गाडीचा काटा तीस हजार दाखवत होता आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर पार गुळगुळीत. काटा मागं फिरवता येतो, झिजलेलं रबर परत येत नाही. नानांनी मालकाला शांतपणे विचारलं, "ह्याच्यावर नाचत हुता काय?"

असं करत मे उजाडला. अकरा गाड्या नामंजूर झाल्या. बारावी सांगलीजवळ कुपवाडला.

तिचा मालक लेथ मशिनवर काम करणारा छोटा कारखानदार. गाडी आठ वर्षांची, एकाच हातात वापरलेली, आणि हा माणूस डॉक्टर नव्हता हे विशेष. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती फायलीत. आरसी बुकावर बँकेचा बोजा नाही. विकायचं कारण असं की गुडघा गेलाय, क्लच दाबवत नाही. समोरच्या टपरीवाल्यानंही तेच सांगितलं, वर त्याचा उजवा गुडघा की डावा तेही सांगितलं. नाना दोन तास त्या गाडीला चिकटले होते. बॉनेट गार. पट्ट्याला कापडाशिवाय कसलाच वास नाही. लोहचुंबक सगळीकडं टच्चकन बसला, म्हणजे ठोकून पुट्टी भरलेली कुठं नाही. गोणपाट टाकून खाली गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. मी मनातल्या मनात गाडी विट्यापर्यंत नेली होती आणि वैशालीला फोन करायला मोबाइलही काढला होता.

नाना बाहेर आले. रुमालानं हात पुसले. गाडीकडं जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नामंजूर."

मी विचारलं, कशासाठी?

"हॉर्न बरोबर न्हाई."

माझं डोकंच फिरलं. हॉर्न काय, बाजारात चारपाचशेला मिळतो. मी तसं म्हणालोही. नाना म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. परतीच्या एसटीत त्यांनी मला सांगलीचं भडंग घेऊन दिलं आणि फौजेतल्या गोष्टी सांगायला लागले. मी रागानं एक शब्द बोललो नाही. भडंग मात्र सगळं संपवलं.

त्यानंतर आणखी दोन रविवार, दोन गाड्या, दोन नामंजूर. मे संपत आला. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता वैशाली म्हणाली, तिनं वस्तीवरच्या एका बाईंशी बोलून ठेवलंय, त्यांच्या घरामागची खोली रिकामी आहे. ती तिथंच राहील आणि शनिवारी दुपारी घरी येईल. आमची मुलगी चौथीत, तिची शाळा इथं, म्हणून ती माझ्याजवळ. वैशाली हे अगदी सरळ आवाजात बोलली, पण निवडलेली मेथी आणि देठं तिनं एकाच पातेल्यात टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांकडं गेलो. आता गाडी बघायची थांबवू, एवढंच सांगायचं होतं. नाना स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. एकट्यापुरत्या दोन. का थांबवायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. पाठ, रस्ता, खोली, शनिवार.

नानांचा हात पिठात थांबला.

"किती दिवसांसाठी जात्यात बाई?"

"बघू. सध्या दोनतीन महिने."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ते हलले नाहीत. शेवटी मीच ती उलटली.

"आमचीबी दोन म्हैन्यासाठीच गेली ती," नाना म्हणाले. मग हात धुतले, पिशवी खुंटीवरनं काढली आणि म्हणाले, "चल. कुपवाडची गाडी आणू."

मी म्हटलं, "आवं नाना, ती तुम्हीच नामंजूर केली."

"गाडीत काय खोट न्हाई. खोट माझ्यात हाय." ते दाराकडं तोंड करून उभे होते. "गाडी घेतली की माणूस परत येत न्हाई गड्या. सव्वीस गाड्या घेऊन दिल्या म्या. समदी रस्त्यानं हॉर्न वाजवून जात्यात. थांबत कोण न्हाई. तुझ्यासंगं यष्टीत बरं वाटत हुतं. म्हणलं, अजून चार रविवार."

मला राग यायला हवा होता. माझी बायको तीन महिने पाठीला पट्टा बांधून फिरत होती आणि हा माणूस रविवार मोजत होता. पण राग आला नाही, फार वाईट वाटलं. मीही गाडी मिळाल्यावर हॉर्नच वाजवून गेलो असतो, हे मला पक्कं माहीत होतं.

कुपवाडची गाडी एव्हाना गेली असणार अशी मला धास्ती होती. ती गेली नव्हती. मालक म्हणाला, कशी जाईल? तुमचे सुभेदार दर दोन दिवसांनी फोन करतायत, गिऱ्हाईक आमचंच हाय, जरा वेळ लावतंय, दुसऱ्याला देऊ नका म्हणून. मी नानांकडं पाहिलं. ते वाकून टायर बघत होते, जे त्यांनी आधी दोनदा बघितले होते. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विकणाऱ्याच्या घरी चहा घेतला.

येताना गाडी नानांनी चालवली. विट्याच्या अलीकडं आमची नेहमीची एसटी पुढं दिसली. नानांनी ती मागं टाकली आणि कंडक्टरला ऐकू जाईल असा लांब हॉर्न दिला. "हॉर्न चांगला हाय की," ते म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली. वैशाली सकाळी गाडीनं जाते आणि संध्याकाळी घरी येते. खोलीवाल्या बाईंना तिनं नाही म्हणून सांगितलं. सगळे हॉर्न वाजवून जातात, थांबत कुणी नाही, हे नानांचं म्हणणं मी तिला सांगितलं होतं.

पहिल्या रविवारी दहिवडीच्या रस्त्यानं निघालो होतो. गाडी ती चालवत होती, मी शेजारी, मुलगी मागं. नानांचं घर आलं. कट्ट्यावर नाना पेपर वाचत बसले होते, आणि गाडीचा आवाज ओळखून त्यांनी हात अर्धा उचललाही होता. वैशालीनं हॉर्न वाजवला नाही. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि खाली उतरली.

"नाना, गाडीतनं जरा आवाज येतोय," ती म्हणाली.

मी आठवडाभर त्या गाडीत बसत होतो, मला कसलाच आवाज आला नव्हता. नानांनी चष्मा काढून ठेवला. बॉनेट उघडायला लावलं, गाडी सुरू करायला लावली आणि डोळे मिटून, मान तिरकी करून उभे राहिले. याच गाडीत दोन तास शोधून त्यांना काही सापडलं नव्हतं.

"येतोय," नाना म्हणाले. "बारीक हाय. पर दर रविवारी ऐकायला लागंल."

मग बॉनेट लावून ते आत गेले, चहा टाकायला.